भांडण संपलं, तरी अंग का दचकतं?

प्रश्न : परवा रात्री मुलाशी कडाक्याचं भांडण झालं. तो निघून गेल्यावर मी तासभर एकटीच बसले होते. वाऱ्यानं दार आपटलं आणि मी अक्षरशः उडाले. एरवी मी अशी दचकत नाही. मुलगा म्हणतो, 'तू फार नाजूक झालीस.' मनाला आवर घातला तर हे थांबेल का?

उत्तर : नाजूकपणाचा इथे काही संबंध नाही, हे आधी मुलाला सांगा.

मी काही वर्षं प्रयोगशाळेत लोकांना दचकवण्याचंच काम केलं. दचकताना पापणी किती जोरात मिटते हे मोजायला डोळ्याखाली दोन छोटे इलेक्ट्रोड, कानांवर हेडफोन आणि चित्रं बघता बघता मध्येच मोठी खरखर, सेकंदाच्या विसाव्या भागापुरती. साधारण तेवढ्याच वेळात पापणी मिटू लागते. आवाज कानातून मेंदूच्या देठापर्यंत जातो आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. विचाराला मध्ये शिरायला जागाच नसते. डार्विननं प्राणिसंग्रहालयात विषारी सापासमोरच्या जाड काचेला चेहरा टेकवला होता, मागे सरायचं नाही असं ठरवून. साप झेपावला आणि डार्विन दोन पावलं मागे उडालाच.

दचकणं थांबवता येत नाही, पण ते लहानमोठं होतं. मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची चाहूल लागली की देठातल्या, दचकण्याचा हुकूम सोडणाऱ्या केंद्राला आधीच ताणून ठेवतो. म्हणून भीतिदायक चित्र समोर असताना पापणी जोरात मिटते, सुखद चित्र असताना हलकी.

रागाचं मात्र इतकं सरळ नाही. भीती माणसाला मागे खेचते, राग पुढे ढकलतो, त्यामुळे राग आला की दचकणं वाढतंच असं नाही. तुमच्या पत्रात मला राग कमी दिसला. मुलगा निघून गेला आणि तुम्ही तासभर एकट्या बसलात. त्या तासात काळजी होती, 'आता काय होईल' ही धाकधूक होती. दार आपटलं ते त्या धाकधुकीवर, असं मला वाटतं.

एक करून बघा. खोलीत येण्याआधी हाक मारायला मुलाला सांगा. आधी कळलं तरी दचकायला होतं, पण कमी. आणि आठवड्यांमागून आठवडे असंच होत राहिलं, झोपही उडाली, तर डॉक्टरांना जरूर भेटा.