नवी ॲडव्हेंचर गाडी : आधी जुळवून घ्या, मग मत द्या

नवी ॲडव्हेंचर किंवा टूरिंग मोटारसायकल घेऊन पहिले दोन-तीन हजार किलोमीटर पूर्ण केलेल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रांचा सूर बहुधा एकच आहे : गाडी चांगली आहे, पण एक गोष्ट खटकते. ही खटकणारी गोष्ट पुष्कळदा गाडीत नसून तिच्या जुळणीत असते. कारखान्यातून निघणारी गाडी मध्यम वजनाच्या, एकट्या, सामान नसलेल्या चालकासाठी लावलेली असते. तुमचे वजन, तुमची उंची आणि तुमचे सामान तिला ठाऊक नसते. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला, त्याच रस्त्यावर पुन्हा चालवून पाहा आणि आकडा वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : मागचे सस्पेन्शन कडक वाटत होते म्हणून प्रीलोड पूर्ण कमी केला. आता लहान खड्डे बरे जातात, पण मोठ्या खड्ड्यात पाठीत सणसणीत दणका बसतो आणि वळणावर गाडी आळशी झाली आहे. असे का?

उत्तर : प्रीलोड म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते. तो कमी केल्याने स्प्रिंग मऊ होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त गाडी खाली बसते. म्हणजे चाकाला वर येण्यासाठी असलेली जागा तुम्ही आधीच वापरून टाकलीत. मोठ्या खड्ड्यात ती संपते आणि शॉकॲब्सॉर्बर तळाला आपटतो, तोच तुम्हाला लागणारा दणका. शिवाय मागचा भाग बसला की पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणाऱ्या नळ्या) जास्त तिरपा होतो आणि गाडी वळायला वेळ घेते. पुढे २१ इंची चाक असेल तर हे अधिकच जाणवते.

अंदाजाने प्रीलोडची रिंग फिरवण्याऐवजी सॅग मोजा, म्हणजे वजनाने गाडी किती दबते ते. मापपट्टी, चिकटपट्टी आणि दोन मदतनीस पुरेत. मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर, शेपटीच्या भागावर चिकटपट्टीची खूण करा. आता तीन मापे घ्यायची. पहिले, मागचे चाक अधांतरी असताना. समजा ६४० मि.मी. आले. दुसरे, गाडी नुसत्या स्वतःच्या वजनावर उभी असताना. सीट दोनदा दाबून सोडा, मगच मोजा, नाहीतर सीलच्या घर्षणामुळे माप चुकते. समजा ६१५ आले, म्हणजे २५ मि.मी. दबाव. तिसरे, तुम्ही हेल्मेट, जॅकेट, बूट घालून, दोन्ही पाय फूटपेगवर ठेवून बसलेले असताना. एकाने हँडल धरायचे, दुसऱ्याने मोजायचे. समजा ५७५ आले, म्हणजे ६५ मि.मी. दबाव.

मागच्या चाकाची एकूण हालचाल २०० मि.मी. असलेल्या गाडीला हे आकडे उत्तम आहेत. चालकासह दबाव एकूण हालचालीच्या ३० ते ३५ टक्के आणि नुसत्या गाडीचा १० ते १५ टक्के असावा. ६५ मि.मी. दबाव म्हणजे खड्ड्यात चाक खाली उतरायला ६५ आणि उंचवट्यावर वर यायला १३५ मि.मी. शिल्लक. चाक खाली उतरायला जागा लागते हे बरेच जण विसरतात. प्रीलोड फार वाढवला की खड्ड्यात चाक रस्ता सोडते.

दोन्ही आकडे एकत्र वाचले की स्प्रिंगचे निदानही होते. चालकासह ६५ मि.मी. आणण्यासाठी प्रीलोड शेवटपर्यंत आवळावा लागला आणि नुसती गाडी जेमतेम ५ मि.मी. दबली, तर तुमच्या वजनाला स्प्रिंग मऊ आहे. उलट चालकासह ६५ येत असताना नुसती गाडीच ४० मि.मी. दबत असेल, तर स्प्रिंग कडक आहे. अशा वेळी स्प्रिंग बदलणे हाच उपाय. महागडा शॉकॲब्सॉर्बर घेण्याआधी हा तपास नक्की करा.

मागे कुणी बसणार असेल तर तेही पूर्ण पोशाखात, सामानासकट बसवून मोजा. प्रीलोडचे किती क्लिक (टप्पे) वाढवले ते सीटखाली पट्टीवर लिहून ठेवा, परतल्यावर तेवढेच कमी करता येतात.

प्रश्न : माझे दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकत नाहीत. लोअरिंग लिंक बसवावी का?

उत्तर : शेवटचा पर्याय म्हणून. ही लिंक म्हणजे मागच्या सस्पेन्शनमध्ये बसणारा, गाडी खाली आणणारा जोड. तिने फक्त मागचा भाग उतरतो. तोल सांभाळायला पुढच्या फोर्कच्या नळ्याही क्लॅम्पमधून वर सरकवाव्या लागतात. किती, ते लिंकसोबतच्या पत्रकात असते. त्यानंतर साइड स्टँड लांब पडतो. गाडी इतकी सरळ उभी राहते की जरा उताराची जागा मिळाली तरी पलीकडे कोसळते. म्हणजे स्टँडही कापून आखूड करावा लागतो. इंजिनाखालची मोकळी जागा कमी होते ती वेगळीच.

आधी सीट पाहा. उंचीइतकीच तिची पुढच्या भागातली रुंदी महत्त्वाची असते. पुढून फोम दोन्ही बाजूंनी तासून सीट अरुंद केली तर पाय सरळ खाली येतो आणि उंची न बदलता टाच जवळ येते. दुसरे म्हणजे, दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडा. थांबताना सीटवर थोडे डावीकडे सरका, डावा पाय पूर्ण टेकवा आणि उजवा मागच्या ब्रेकवर ठेवा. उतारावर तर हीच पद्धत जास्त सुरक्षित आहे, कारण ब्रेक हातातून सुटला तरी पायात असतो.

प्रश्न : ९० कि.मी. वेगाच्या पुढे हेल्मेट थडथडते. उंच विंडस्क्रीन लावली तर जास्तच थडथडू लागले.

उत्तर : हे अपेक्षितच आहे. सरळ वाऱ्याने डोके हलत नाही. ते हलते स्क्रीनच्या वरच्या कडेवरून सुटणाऱ्या भोवऱ्यांनी. उंच काचेने ती कड बरोबर तुमच्या हेल्मेटच्या रेषेत आणून ठेवली. शिवाय मोठ्या काचेमागे हवेचा दाब कमी होतो आणि खालून, टाकीच्या बाजूने हवा वर ओढली जाते.

मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याच वेगात फूटपेगवर थोडे उभे राहा. डोके वर गेल्यावर आवाज एकसारखा झाला आणि थडथड थांबली, तर दोष काचेच्या कडेचा. मग काच पूर्ण काढून एकदा चालवून पाहा. छातीवर वारा येईल, पण डोके स्थिर राहील. त्यावरून ठरवा : एक तर काच इतकी बुटकी हवी की भोवरे खांद्यावर येतील, किंवा इतकी उंच की ते डोक्यावरून जातील. मधली उंची सर्वांत वाईट. काच आणि हेडलाइट यांच्यामध्ये बोटभर फट ठेवली तर मागचा दाब भरून निघतो आणि बऱ्याच गाड्यांत एवढ्यानेच काम होते. हेल्मेटला पुढे टोपीसारखा पडदा असेल तर तो काढूनही पाहा. आणि लांबच्या प्रवासात कानात इअरप्लग हवेतच. वाऱ्याच्या आवाजाने कानांना होणारी इजा भरून येत नाही.

प्रश्न : चेन दर सर्व्हिसला घट्ट करून मिळते. तरी सामान लादले की मागून करकर येते.

उत्तर : ती घट्ट करून मिळते म्हणूनच करकर येते. पुढच्या स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकाचे) केंद्र, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) मुख्य बोल्ट आणि मागचा ॲक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेनचा ताण सर्वांत जास्त असतो. लांब सस्पेन्शनच्या रिकाम्या गाडीत ॲक्सल या रेषेच्या बराच खाली असतो. वजन पडले की तो वर येतो आणि ढिलाई संपते. म्हणून या गाड्यांना शहरी गाडीपेक्षा जास्त ढिली चेन लागते. नेमके माप स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असते. साधारण ३५ ते ४५ मि.मी. दिलेले आढळते. ते साइड स्टँडवर घ्यायचे की चाक अधांतरी ठेवून, हेही तिथेच लिहिलेले असते आणि त्याने आकडा बदलतो.

चाक फिरवत चेनची सर्वांत ताठ जागा शोधा आणि तिथे मोजा. मग पट्ट्याने मागचा भाग खाली ओढून तिन्ही बिंदू एका रेषेत आणा. तेव्हाही चेन बोटाने १० ते १५ मि.मी. वरखाली व्हायला हवी. घट्ट चेन आधी गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचे बेअरिंग खाते, मग त्याचे सील. त्या दुरुस्तीसाठी इंजिन उघडावे लागते. साफ करायला रॉकेल चालते. पेट्रोल नको, त्याने कड्यांमधले रबरी ओ-रिंग बिघडतात.

प्रश्न : दोन पॅनियर (बाजूचे डबे) आणि टॉप बॉक्स (सीटमागचा डबा) लावून १०० च्या पुढे गेलो की गाडी मागून डुलू लागते. फ्रेममध्ये दोष असेल का?

उत्तर : फ्रेमवर संशय घ्यायच्या आधी वजनाचा हिशेब मांडा. पुस्तिकेतल्या कमाल वजनातून टाकीभर पेट्रोलसह गाडीचे वजन वजा करा. ३९० मधून २०० गेले, उरले १९० किलो. पोशाखासह चालक ८२ आणि मागे बसणारे ६५ धरले, तर उरले ४३. क्रॅश गार्ड आणि बॅश प्लेट (इंजिनाखालचे कवच) ९, पॅनियरची चौकट ६, तीन रिकामे धातूचे डबे १४. हाती राहिले फक्त १४ किलो, त्यातच कपडे, हत्यारे आणि पाणी. पुष्कळ जण इथेच वीस-पंचवीस किलोंनी पुढे गेलेले असतात.

वजन कुठे आहे हे तितकेच महत्त्वाचे. टॉप बॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतो. तिथला प्रत्येक किलो पुढचे चाक हलके करतो. टॉप बॉक्समध्ये फक्त पावसाळी कपडे आणि हातमोजे ठेवा. हत्यारे, सुटे भाग, पाणी पॅनियरच्या तळाशी, पुढच्या आतल्या कोपऱ्यात जायला हवे. डाव्या-उजव्या बाजूत एक-दोन किलोंहून जास्त फरक नको. डब्यांवर किंवा पुस्तिकेत वेगमर्यादा दिलेली असते, ती मोठ्या डब्यांसह खरोखर पाळायची असते.

मग टायरमधली हवा सामानासाठी सांगितलेल्या मापाला आणा आणि वर सांगितल्याप्रमाणे प्रीलोड वाढवा. तरीही डुलत असेल तर स्टिअरिंगचे बेअरिंग तपासा. पुढचे चाक उचलून फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे ढकला. ‘टक’ असे जाणवले तर बेअरिंग ढिले. हँडल हळू फिरवताना मधोमध अडकल्यासारखे झाले तर बेअरिंगला खाच पडली आहे. मोठ्या गोट्यांचे, अर्धे झिजलेले टायरही डुलण्याला हातभार लावतात.

चालताना डुलू लागली तर हँडल आवळून धरू नका आणि जोरात ब्रेक मारू नका. रेस हळूहळू सोडा, गुडघ्यांनी टाकी धरा, वेग आपोआप उतरू द्या. निघण्यापूर्वी सामानासह हेडलाइटचा झोतही खाली करा. मागचा भाग दबल्यावर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

प्रश्न : कच्च्या रस्त्यावर हवा किती कमी करावी? माझ्या गाडीला स्पोकची चाके आणि ट्यूब आहे.

उत्तर : टायर थंड असताना मोजून, खडी-मुरुमासाठी २४-२५ पीएसआय. खोल वाळूत १८ पर्यंत, पण तेही कमी वेगात आणि दगड नाहीत अशी खात्री असेल तरच. ट्यूबच्या गाडीला दोन धोके आहेत. दगडावर आपटून ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटली की शेजारीशेजारी दोन भोके पडतात. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो : हवा कमी असताना टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजा सरकणे सुरू झाले आहे. यासाठी व्हॉल्व्हवरचा नट रिमला आवळू नका, वर टोपीजवळ नेऊन ठेवा. तिरकेपणा लगेच दिसतो आणि ट्यूब वाचते.

सोबत एकच जादा ट्यूब नेणार असाल तर पुढची २१ इंची न्या. अडीअडचणीला ती मागच्या १७ किंवा १८ इंची चाकात घडी पडूनही गावापर्यंत पोहोचवते, उलट जमत नाही. डांबरी रस्ता लागला की थांबून हवा भरा, कमी हवेचा टायर वेगात तापून आतून तुटतो.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर लहान पान्याने प्रत्येक स्पोकवर हलकेच टिचकी मारा. ताठ स्पोक खणखणतो, ढिला बद्द वाजतो. एक ढिला असेल तर थोडा आवळा. तीन-चार असतील तर चाक कारागिराकडे द्या, अंदाजे आवळल्याने रिम वाकडी होते.

प्रश्न : मागचे एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद केले तरी प्रत्येक थांब्यानंतर पुन्हा चालू होते. बिघाड आहे का?

उत्तर : नाही. बहुतेक गाड्यांत किल्ली बंद झाली की एबीएस सुरक्षिततेसाठी पुन्हा चालू होते. थोडा वेळ थांबताना किल्लीऐवजी लाल किल स्विच वापरा, बऱ्याच गाड्यांत सेटिंग टिकते. मात्र किल्ली चालूच असल्याने दिवे बॅटरी खातात, पाच मिनिटांच्या वर नको. पुढचे एबीएस कच्च्या रस्त्यावरही चालूच ठेवा. मागचे बंद करण्याचे कारण एवढेच की सैल खडीवर अडकलेले चाक पुढ्यात खडीचा ढीग जमवून थांबते, आणि एबीएस ते चाक पुन्हा पुन्हा सोडते.

प्रश्न : उभे राहून चालवताना पाठ वाकते आणि मनगटे दुखतात.

उत्तर : हँडलचे क्लॅम्प ढिले करून ते थोडे पुढे फिरवा, क्लच-ब्रेकचे लिव्हर खाली झुकवा. उभे असताना कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यायला हवी. गिअर लिव्हर जाड बुटाचे टोक सहज खाली जाईल इतका वर घ्या. क्लॅम्पचे बोल्ट पुन्हा आवळताना पुस्तिकेतला टॉर्क पाळा आणि हँडल दोन्ही टोकांना फिरवून केबल, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे पाहूनच गाडी सुरू करा.