पहिली जुनी फेंडर गिटार घेताना

स्वागत! आवड पक्की आहे, आता घाई तेवढी करू नकोस.

नवखे हमखास चकाकीला भुलतात. पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत साधारण निम्म्यावर येते, त्यामुळे टवके उडालेला मूळ रंग केव्हाही बरा. घेतल्यावर काही बदलू नकोस. जुने स्क्रूसुद्धा जप.

गिटारचं वय ठरवताना सिरियल नंबरवर विसंबू नकोस, तो ज्या प्लेटवर असतो ती सहज बदलता येते. विकणाऱ्याकडून नेक, म्हणजे गिटारची लांब मान, काढून तिचे फोटो मागव. टाचेवर, म्हणजे नेक जिथे बॉडीला जोडलेली असते त्या टोकावर, बहुधा पेन्सिलीने किंवा शिक्क्याने तारीख असते, आणि पन्नाशीच्या दशकातल्या काही नेकवर ‘टीजी’ अशी अक्षरं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनच्या फेंडर कारखान्यात नेक घडवणारे टॅडिओ गोमेझ! ती दोन अक्षरं पाहिली की मला आजही भरून येतं.

पॉटवरचा, म्हणजे आवाज-टोनच्या बटणाखालच्या भागावरचा, आकडाही वाच: ३०४६३२० म्हणजे स्टॅकपोल कंपनी, १९६३, विसावा आठवडा.

स्ट्रॅट (फेंडरचं प्रसिद्ध स्ट्रॅटोकास्टर मॉडेल) परवडत नसेल तर साठच्या दशकातलं फेंडरचंच दुसरं मॉडेल, मस्टँग बघ. तीही फुलर्टनचीच.