ब्राउझर चालतो, इन्स्टॉल मात्र अडतं

वाचकांची या महिन्याची पत्रं वेगवेगळ्या ठिकाणांहून आली आहेत, पण दुखणं एकच आहे: नेट आहे, तरी प्रोग्रामिंगची साधनं उतरत नाहीत. नागपुरातल्या एका कॉलेजचं नेटवर्क मी बरीच वर्षं सांभाळलं. फायरवॉलच्या या बाजूला बसणाऱ्याला काय दिसतं आणि त्या बाजूच्या मुलांना काय सोसावं लागतं, हे दोन्ही मला ठाऊक आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर याच पत्रांना दिलं आहे.

प्रश्न : मॅडम, मी हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या भावांचा अभ्यास करून राहिली आहे, त्यासाठी पायथनमध्ये पांडाज ही आकडेवारीची लायब्ररी पाहिजे. कॉलेजच्या वायफायवर पिप इन्स्टॉल दिलं की ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ येतं. यूट्यूब मात्र मस्त चालतं. एका सिनियरनं ‘ट्रस्टेड होस्ट’ लावायला सांगितलं, त्यानं झालंही. मग आता प्रश्न मिटला ना?

उत्तर : मिटला नाही, झाकला गेला.

पिप ज्या भांडारातून पायथनची पॅकेजं आणतं ते पायपीआय. तुझ्या लॅपटॉपची आणि त्याची गाठ थेट पडतच नाही. मध्ये कॉलेजची फायरवॉल बसली आहे. पायपीआयकडून आलेलं बंद पाकीट ती उघडते, आत काही घातक आहे का ते तपासते आणि स्वतःच्या सहीचं नवं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, लावून पुढे तुझ्याकडे पाठवते. वायफायची नोंदणी करताना तुझ्याकडून एक फाइल इन्स्टॉल करून घेतली असेल. ते कॉलेजचं रूट सर्टिफिकेट. ते विंडोजच्या यादीत जातं. क्रोम आणि एज ती यादी मानतात, म्हणून यूट्यूबला अडचण नाही. जुनं पिप मात्र विश्वासाच्या सर्टिफिकेटांची स्वतःची यादी घेऊन फिरतं. त्या यादीत तुझं कॉलेज नाही, म्हणून ते थांबतं. ही त्याची सावधगिरी आहे, बिघाड नव्हे.

खात्री अशी कर. ब्राउझरमध्ये पायपीआय डॉट ऑर्ग उघड, पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट बघ. ‘इश्यूड बाय’पुढे कॉलेजचं किंवा फायरवॉलच्या कंपनीचं नाव असेल, तर मी म्हणते तेच घडतं आहे.

आता उपाय. पिप २४.२ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली. तेव्हापासून, पायथन ३.१० किंवा त्यापुढचं असेल तर, पिप विंडोजचीच यादी वापरतं. म्हणजे एकदा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर फक्त पिप अपग्रेड करून घे. दोनेक एमबीचं काम आहे, डेटा पॅक संपणार नाही. मग परत कॉलेजच्या वायफायवर ये आणि पांडाज साध्या पद्धतीनं टाक. पायथन जुनंच ठेवावं लागत असेल, तर कॉलेजचं रूट सर्टिफिकेट बेस-६४ स्वरूपात फाइल म्हणून घे आणि पिपच्या कॉन्फिगमध्ये ‘ग्लोबल डॉट सर्ट’ला त्या फाइलचा पत्ता दे. एक ध्यानात ठेव, ही फाइल पिपच्या मूळ यादीची जागा घेते. त्यामुळे हॉटस्पॉटवर गेलीस की तेच पिप उलट तिथे अडेल. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडसाठी ‘नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स’ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामांना वाचता येणारी सिस्टीममधली नोंद, आहे. ते मात्र मूळ यादीत भर घालतं, त्यामुळे तिथे हा त्रास नाही. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटला विंडोजवर ‘एसएसएल बॅकएंड’ म्हणून ‘एस-चॅनेल’ निवडायला सांगितलं की तेही विंडोजची यादी मानतं.

ट्रस्टेड होस्टबद्दल स्पष्ट बोलते, कारण हा सल्ला होस्टेलांमधून खोकल्यासारखा पसरतो. पिप फाइल नुसती उतरवत नाही, काही वेळा आलेला कोड तुझ्या मशीनवर लगेच चालवतं. समोर खरंच पायपीआय आहे की दुसरंच कोणी, ही तपासणी तू बंद केलीस. कॉलेजात निदान मध्ये कोण बसलं आहे ते ठाऊक असतं. हीच सवय उद्या स्टेशनवरच्या किंवा एखाद्या कॅफेच्या वायफायवर घेऊन जाशील, तिथे ते ठाऊक नसेल. कॉन्फिगमध्ये ती ओळ कायमची पडली असेल तर आजच काढ.

प्रश्न : त्रिमूर्तीनगरच्या होस्टेलवर राहतो. जावाची झिप फाइल कितीदाही उतरवली तरी ‘करप्ट’ म्हणते. मोठ्या फाइलचंच असं होतं. लॅपटॉप खराब आहे काय?

उत्तर : लॅपटॉप ठीक आहे. फाइलचा आकार बघ. दोनशे एमबीच्या जागी काही केबी असतील, तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघड. आत होस्टेलच्या वायफायचं लॉगिनचं पान सापडेल. सेशन संपलं की नेटवर्क तुला लॉगिनकडे वळवतं. ब्राउझरमध्ये ते लगेच दिसतं, पण इन्स्टॉलर बिचारा ते पानच झिप समजून जपून ठेवतो. आकार बराच मोठा पण अपुरा असेल, तर सेशन मध्येच तुटलं.

आधी लॉगिन ताजं कर, मग डाउनलोड सुरू कर. मोठ्या फाइलला ‘कर्ल’ ही कमांड वापर आणि अर्धवट राहिलेलं पुढे चालू ठेवण्याचा पर्याय दे. विंडोज १० पासून कर्ल सोबतच येतं. उतरल्यावर ‘सर्टयुटिल’च्या ‘हॅशफाइल’नं एसएचए-२५६, म्हणजे फाइलचा ठसा असलेला आकडा, काढून साइटवरच्या आकड्याशी जुळवून बघ. जुळलं तर निर्धास्त इन्स्टॉल कर.

प्रश्न : मिहानमधल्या एका कंपनीत नुकतीच रुजू झाले. एनपीएम इन्स्टॉल कधी ४०७ एरर देतं, कधी नुसतं थांबून राहतं. टीममधले म्हणतात, ‘प्रॉक्सी टाक.’ कुठली, कुठे, हे कोणी सांगत नाही.

उत्तर : पहिल्या आठवड्यात हे विचारायला संकोच वाटतो, मला समजतं. पण हा प्रश्न विचारण्यासारखाच आहे.

प्रॉक्सी म्हणजे तुमची विनंती बाहेर नेणारा मधला सर्व्हर. तुमच्या विंडोजमध्ये तिची नेमणूक बहुधा एका ऑटोमॅटिक स्क्रिप्टमधून होते. सेटिंगमध्ये प्रॉक्सीच्या पानावर त्या स्क्रिप्टचा पत्ता असतो. ब्राउझर ती स्क्रिप्ट वाचतो. एनपीएम (नोडची पॅकेजं आणणारं साधन), पिप, गिट ही कमांड लाइनवरची मंडळी वाचत नाहीत. ती स्क्रिप्ट उघडा, साधा मजकूर असतो. ‘प्रॉक्सी’ या शब्दापुढे सर्व्हरचं नाव आणि पोर्ट दिसेल, बहुतेक वेळा ८०८० किंवा ३१२८. तेच ‘एचटीटीपी प्रॉक्सी’ आणि ‘एचटीटीपीएस प्रॉक्सी’ या दोन्ही व्हेरिएबलमध्ये भरा. यात लोक हमखास अडखळतात ते एका ठिकाणी: दुसऱ्या व्हेरिएबलचं नाव एचटीटीपीएस असलं, तरी प्रॉक्सीच्या पत्त्याची सुरुवात बहुतेक ठिकाणी एचटीटीपी अशीच करायची असते. ‘नो प्रॉक्सी’मध्ये लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ लिहा, नाहीतर स्वतःच्याच मशीनवरचा सर्व्हर प्रॉक्सीमागे शोधला जाईल. मग टर्मिनल बंद करून नव्यानं उघडा. जुन्या खिडकीला नवी नेमणूक कळत नाही.

४०७ म्हणजे प्रॉक्सीपर्यंत पोचलात, पण तिनं ओळख मागितली. पासवर्डमध्ये ॲटचं चिन्ह असेल तर ते पत्त्यात टक्का-चाळीस असं लिहावं लागतं, नाहीतर पासवर्ड तिथेच तुटतो. एनटीएलएम या विंडोजच्या पद्धतीची ओळख मागत असतील, तर एनपीएम आणि पिप ती थेट देऊ शकत नाहीत. मध्ये सीएनटीएलएमसारखा छोटा प्रोग्राम लागतो. तो आयटी विभागाला विचारल्याशिवाय बसवू नका. आणि पासवर्ड लिहिलेली एनपीएमआरसी (एनपीएमच्या सेटिंगची) फाइल चुकूनही गिटमध्ये जाऊ देऊ नका.

नुसतं थांबून राहण्याचं कारण वेगळं आहे. काही पॅकेजं एनपीएमच्या रजिस्ट्रीवरून, म्हणजे भांडारातून, येतात आणि मग स्वतःची जड फाइल दुसरीकडून मागवतात. इलेक्ट्रॉन आपली बायनरी गिटहबवरून आणतं, पपेटिअर अख्खा क्रोम उतरवतं. रजिस्ट्री उघडी आणि ते दुसरं ठिकाण बंद असेल, तर इन्स्टॉल शेवटाशी येऊन गप्प बसतं. एनपीएमला ‘व्हर्बोज’, म्हणजे सविस्तर, लॉग मागा, कुठल्या पॅकेजपाशी अडलं ते कळेल. आयटीला ‘एनपीएम चालत नाही’ असं लिहून काहीच होणार नाही. होस्टचं नाव, पोर्ट ४४३, वेळ, एररची पूर्ण ओळ आणि कुठल्या कामासाठी पाहिजे, एवढं लिहा. समोरचा माणूस आपल्या लॉगमध्ये ती वेळ शोधतो आणि त्याला तुमची अडलेली विनंती सापडते. माझ्याकडे अशी पत्रं येत तेव्हा काम त्याच दुपारी व्हायचं.

कंपनीत नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरी, म्हणजे पॅकेजांचं आतलं भांडार, आहे का, तेही विचारा. असेल तर एनपीएमची रजिस्ट्री तिकडे वळवली की बाहेर जावंच लागत नाही.

प्रश्न : कामठीजवळच्या शाळेत शिकवतो. लॅबमध्ये विंडोज ७ ची जुनी मशीनं आहेत, नेट नाही. मुलांना पायथन शिकवायचं आहे. पेन ड्राइव्हवरून सगळं बसवता येईल का?

उत्तर : नक्की येईल सर, आणि तुम्ही हे करताय याचा मला फार आनंद आहे.

विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८. त्याचा तयार विंडोज इन्स्टॉलर ३.८.१० पर्यंतच मिळतो. मशीनवर सर्व्हिस पॅक १ लागेल. पायथनचा हा नेहमीचा इन्स्टॉलर पूर्ण असतो, बसवताना नेट मागत नाही. नावात ‘वेब’ असलेला मात्र घेऊ नका, तो बसवताना नेट मागतो. ३.८ ची देखभाल २०२४ मध्ये थांबली आहे. त्यामुळे ही मशीनं एरवी नेटला न जोडता फक्त शिकवण्यासाठी ठेवा.

पॅकेजांसाठी मात्र लॅबमधलंच एक मशीन घ्या, तेवढ्यापुरतं थोडा वेळ तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडा आणि ‘पिप डाउनलोड’नं लागणारी पॅकेजं एका फोल्डरमध्ये उतरवा. घरच्या नव्या लॅपटॉपवर उतरवाल तर पायथनची आवृत्ती आणि ३२-६४ बिटचा मेळ बसणार नाही, फाइली असूनही पिप ‘जुळणारं काही सापडलं नाही’ म्हणेल. लॅबच्याच मशीनवर उतरवलं की हा मेळ आपोआप बसतो. मग पेन ड्राइव्हवरचं ते फोल्डर इतर मशीनांवर न्या आणि इन्स्टॉल करताना दोन पर्याय द्या: ‘नो इंडेक्स’, म्हणजे बाहेर शोधू नको, आणि ‘फाइंड लिंक्स’, पुढे फोल्डरचा पत्ता.

हॉटस्पॉटवर जोडलेल्या मशीनवर सर्टिफिकेटची एरर आली, तर आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ ची गोल बॅटरी संपलेली असते. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि आजचं प्रत्येक सर्टिफिकेट त्या मशीनला अजून सुरूच न झालेलं वाटतं. नवी बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते.

प्रश्न : ऑफिसच्या नेटवर गिट पुश ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणतं. फुकटचं व्हीपीएन लावू काय?

उत्तर : नको. फुकटच्या व्हीपीएनमधून तुमची सगळी वाहतूक अनोळखी माणसाच्या हाती जाते, आणि ऑफिसचा नियम मोडल्याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं ते वेगळंच. गिट ज्या एसएसएच जोडणीनं बोलतं, तिचं पोर्ट २२ बंद असावं. रिमोटचा पत्ता एचटीटीपीएसचा करा आणि पासवर्डऐवजी पर्सनल ॲक्सेस टोकन, म्हणजे खात्यातून काढलेली वेगळी किल्ली, वापरा. गिटहबनं १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं आहे. एसएसएचच हवं असेल तर गिटहब ते ‘एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम’वर पोर्ट ४४३ नंही देतं. ऑफिसला चालत असेल तर तेवढं पुरे.

प्रश्न : मी एका कॉलेजात नेटवर्क बघतो. मुलं रोज दारात उभी, ‘सर, हे खोला, ते खोला.’ सगळं उघडता येत नाही, बँडविड्थही पुरत नाही. नेमकं काय करावं?

उत्तर : तुमचं पत्र मला सर्वांत जवळचं वाटलं.

सगळं उघडू नका, हे उघडा: पायपीआय डॉट ऑर्ग आणि फाइल्स डॉट पायथनहोस्टेड डॉट ऑर्ग. या दोन्ही लागतात. पहिल्यावर यादी असते, फाइली दुसरीवर. एकच उघडली की मुलांना पॅकेज दिसतं पण उतरत नाही. मग रजिस्ट्री डॉट एनपीएमजेएस डॉट ऑर्ग, गिटहब आणि गिटहबयूजरकंटेंटची उपनावं, अँड्रॉइडसाठी डीएल डॉट गूगल डॉट कॉम, जावासाठी मेव्हनचं मध्यवर्ती भांडार. ही सगळी पोर्ट ४४३ वर आहेत. शक्य असेल तर या होस्टना एसएसएल तपासणीतून, म्हणजे फायरवॉलच्या पाकीट उघडण्यातून, वगळा. पहिल्या पत्रातल्या मुलीची अडचण त्यानं मुळातच संपेल. वगळता येत नसेल, तर रूट सर्टिफिकेट आणि ते पिपला, गिटला, नोडला कसं द्यायचं याचं एक पान कॉलेजच्या आतल्या साइटवर लावा. मराठीत लावा.

बँडविड्थचं उत्तर कॅशमध्ये, म्हणजे एकदा आलेलं आत साठवून ठेवण्यात, आहे. एक जीबीची फाइल साठ मुलांनी उतरवली तर साठ जीबी बाहेरून येतात, एकदा आणून आत ठेवली तर एकच. एक जुनं मशीन घ्या, रॅम वाढवा, मोठी डिस्क लावा. त्यावर पायथनसाठी डेव्हपीआय, एनपीएमसाठी व्हर्दाच्चो, उबुंटूच्या लॅबसाठी एप्ट-कॅशर-एनजी बसवा. तिन्ही मोफत आहेत आणि जे मागितलं जातं तेवढंच साठवतात. अख्ख्या पायपीआयची प्रत करायला जाऊ नका, ती तुमच्या डिस्कवर मावणार नाही. अँड्रॉइड स्टुडिओ, जेडीके, व्हीएस कोड यांचे पूर्ण इन्स्टॉलर त्याच मशीनवर एका फोल्डरमध्ये ठेवा, शेजारी त्यांचे एसएचए-२५६ आकडे. व्हीएस कोडची एक्स्टेन्शनंही व्हीएसआयएक्स फाइल म्हणून ठेवता येतात.

हे सत्र सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत करा, प्रॅक्टिकलच्या आठवड्यात नको. आणि प्रत्येक वर्गातल्या दोन मुलांना सोबत घ्या. कुठलं पॅकेज कुठे अडतं हे त्यांना तुमच्याआधी कळतं, त्यांची यादी दर महिन्याला मागून घ्या.