टीटीबीआर म्हणजे काय? बँक गूगलवरचा डॉलरचा दर का देत नाही?

मुलाने अमेरिकेहून हजार डॉलर पाठवले, बँकेने ‘टीटीबीआर’ लिहून गूगलपेक्षा कमी दर लावला, ही लूट आहे का, असं तुम्ही विचारलंय.

लूट नाही. टीटीबीआर म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर बाइंग रेट. टेलिग्राफिक, म्हणजे तारेने आलेले पैसे. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, बँकांचे निरोप त्याच्या कितीतरी आधीपासून स्विफ्टवरून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यावरून जातात, पण दरपत्रकात तार अजून आहे.

मी बँकेत फॉरेक्सच्या, म्हणजे परकीय चलनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. सगळ्यात जास्त वाद ‘बाइंग’ या शब्दावरून व्हायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, मी कुठे काय विकत घेतलं? अहो, घेणारी बँक! तुमचे डॉलर ती विकत घेते आणि रुपये देते, म्हणून बाइंग. तुम्ही उद्या नातीची फी तिकडे पाठवलीत तर बँक डॉलर विकेल. तो टीटी सेलिंग, आणि तो चढाच असणार. दोन्हींमधल्या फरकावर बँकेची कमाई. गूगलवर दिसतो तो साधारण मधला भाव.

समजा गूगलवर ८५ आहे आणि टीटी बाइंग ८४.६०. हजार डॉलरचे ८४,६०० होतील. त्यातून जीएसटी जाईल: लाखापर्यंतच्या रकमेवर एक टक्का हे बँकेच्या सेवेचं मोल धरून त्याचे १८ टक्के, म्हणजे सुमारे १५२ रुपये. मुलगा सुट्टीत येताना नोटा घेऊन आला असता तर दर आणखी पडला असता, कारण नोटा मोजा, सांभाळा, विमा काढा, बाहेर धाडा, हा सगळा खर्च त्यात धरलेला असतो. खात्यात आलेल्या पैशाला ही कटकट नाही.

रक्कम मोठी असेल तर मात्र छापील कार्ड रेट, म्हणजे बँकेचा त्या दिवसाचा ठरलेला दर, मुकाट्याने घेऊ नका. पैसे रुपयांत बदलण्याआधी शाखेत जाऊन जरा चांगला दर मागा. ते डीलिंग रूमला, म्हणजे बँकेचे चलनाचे सौदे करणाऱ्या विभागाला विचारून देतात. न मागणाऱ्याला कोणी आपणहून देत नाही, हे अनुभवाने सांगते.

मुलाला एक निरोप द्या. त्याला परदेशी पगार इथल्या आयकर विवरणात दाखवायचा झाला, तर आयकराच्या नियमांप्रमाणे स्टेट बँकेचा टीटी बाइंग दर लागतो, तोही पगाराच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. ते दरपत्रक त्याच दिवशी उतरवून ठेवलेलं बरं.