गल्ल्यावरचं उत्तर

जालना, मृगाच्या आधीचा आठवडा

लेकरा,

तुझ्या अंबडच्या ठिबक सिंचनाच्या दुकानाची वेबसाइट बघितली. दिसायला झकास आहे. वडिलांचा फोटो, मालाची यादी, पत्ता, सगळं जागच्या जागी. पण ‘माहिती’ म्हणून जे पान काढलंस त्यात पोळ्याच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा आणि मुक्तिसंग्राम दिनाचं बॅनर, एवढंच. वर तू मला विचारतेस, "काका, आठ महिने झाले, तिथून एक फोन नाही, बंद करू का?" वेबसाइट राहू दे, बॅनरं काढ.

परवा मी तासभर तुझ्या दुकानात बसलो होतो. शहागडकडचा एक मोसंबीवाला आला, खिशातून ठिबकची वीतभर नळी काढून गल्ल्यावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, पाणीच येईना." तू ब्लेडनं नळी उभी चिरलीस, आतला पांढरा थर नखानं खरवडलास, त्यावर आम्लाचा थेंब टाकलास. फस्सकन फेस आला. "बोअरचं पाणी ना? क्षार आहेत, आम्लानं निघतील." मग सांगितलंस की थर हिरवा, चिकट असता तर ते शेवाळ, त्याला ब्लीचिंग पावडर. आम्ल आणि ब्लीचिंग कधीच एकत्र करायचं नाही, विषारी वायू होतो. आणि आम्ल पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी नाही. दहा मिनिटांत माणूस समाधानानं गेला. पाठोपाठ दुसरा आला तो तोच प्रश्न घेऊन, आणि तू पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस.

आता रात्री लाइट आल्यावर मोटर चालू करून बांधावर बसलेला माणूस डोळ्यांसमोर आण. तो फोनला तोंड लावून गुगलला विचारतोय, "ठिबक चोक झालं काय करावं." तुझ्या वेबसाइटवर ‘चोक’ हा शब्दच नाही, मग तू त्याला सापडणार कशी? गल्ल्यावर दिलेलं ते उत्तर लिहून तिथं ठेव, एवढंच माझं म्हणणं. याला ब्लॉग म्हणतात, पण नावाला घाबरू नकोस.

मथळा त्याच्या तोंडचा असू दे. ‘सूक्ष्म सिंचन संचाची देखभाल’ असं कोणी विचारत नाही. आणि मजकूर टाइप करून टाक, चित्रात कोंबू नकोस. बॅनरवरची अक्षरं माणसाला दिसतात, पण गुगलच्या शोधात ती नीट लागत नाहीत. तुझ्या गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडचा मजकूर जुन्या फाँटमधला असेल तर तोही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, करून घे, नाहीतर वेबसाइटवर नुसत्या किडामुंग्या उमटतील.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकते की, म्हणशील. टाक. पण ते २४ तासांत जातं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी पोरांचं सगळं काम एका रात्रीत गेलं. ती जागा दुसऱ्याची होती. वेबसाइटचं नाव तुझ्या नावावर आहे, फक्त ते दरवर्षी वेळेवर रिन्यू कर. स्टेटसवर लेखाची लिंक ठेव, म्हणजे एकाच कष्टात दोन्ही होईल.

माझी फजिती सांगतो. सुरुवातीला मी माझ्या दुकानाच्या वेबसाइटवर कंपन्यांची माहितीपत्रकं उतरवून टाकायचो, ती कोणी वाचली नाहीत. मग ठिबक धुण्यावर स्वतःचं लिहिलं. महिनाभरानं बदनापूरकडचा एक गडी मोबाइल पुढं करून उभा. "हे तुम्हीच लिहिलंय ना? केलं तसं, घाण जागची हलली नाही." लेखात मी ‘नळ्यांची शेवटची टोकं उघडा’ एवढंच लिहिलं होतं. त्यानं सगळ्या एकदम उघडल्या. पाण्याचा दाब कमी झाला, घाण निघणार कुठून? आधी मेन म्हणजे मुख्य पाइप, मग सबमेन म्हणजे तिची फांदी धुवायची, मग नळ्या चार-चार करून, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मला हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लिहायचंच राहिलं. त्याच्यासमोर लेख दुरुस्त केला आणि खाली दुरुस्तीची तारीख टाकली. तो माणूस आजही माझं गिऱ्हाईक आहे. म्हणून म्हणतो, लिहिलेलं आधी दुकानातल्या पोराला वाचायला दे. तो जिथं अडेल तिथं दोन ओळी वाढव. पोरगंही शिकतं, मग तू बाहेर असलीस तरी गल्ल्यावर उत्तर मिळतं.

ठिबकच्या सरकारी अनुदानावर लिहिशील तेव्हा तारीख वर टाक. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ आणि बाकीच्यांना ४५ टक्के, त्यावर राज्याची भर, अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर, एवढं सांग. नियम बदलले की तोच लेख दुरुस्त कर, नवा काढू नकोस. जुनी टक्केवारी वाचून आलेला माणूस तुझ्यावरच चिडतो.

हल्ली फोनच अर्ध्या मिनिटात लेख लिहून देतो, हे मला ठाऊक आहे. शुद्धलेखनाला घे की त्याची मदत. पण अंबडच्या बोअरचं पाणी त्यानं पाहिलेलं नाही, तू पाहिलंयस.

फळ लगेच मिळणार नाही. मला पहिले चार-पाच महिने काहीच दिसलं नाही. पुढं जे फोन आले ते मात्र वेगळे होते. भावाची घासाघीस तेवढीच, पण "हे खरंच लागतं का" हा प्रश्न नाही, तो लेखातच मिटलेला. गुगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते जोडून घे. लोक कोणते शब्द टाकून तुझ्यापर्यंत आले ते त्यात दिसतं. माझ्या यादीत वसमतकडची हळद दिसायला लागली, गादीवाफ्यावर (मातीच्या उंच वाफ्यावर) नळ्या किती, असं. तोवर मी हळदीचा विचारच केला नव्हता. पुढच्या हंगामाला तसा माल भरला.

रोज लिहू नकोस, दमशील. पंधरा दिवसांत एक पुरे. आता पेरण्या लागल्या की दुकानात गर्दी ओसरेल, तेव्हा बस. पहिला लेख त्या चिरलेल्या नळीवरच कर. तो तुकडा टाकला नसशील तर उन्हात धरून फोटो काढ, पांढरा थर दिसला पाहिजे, मागे कॅलेंडर नको. टाकायच्या आधी मला पाठव. आणि वडिलांना सांग, त्यांचा ठिबकमधून खत सोडायचा व्हेंचुरी अजून माझ्याकडेच पडून आहे.

तुझा,
काका