गेम अजून आलाच नाही, तरी मुलगा त्यातच का?

मुलगा सारखा गेम खेळत बसतो, ही तक्रार आता जुनी झाली. हल्ली पालक वेगळं काही सांगतात. जो गेम अजून निघालेलाच नाही त्याच्यासाठी मुलगा रात्ररात्र जागतो, कधी न पाहिलेल्या लोकांशी वाद घालतो, आणि गेमची तारीख पुढे गेली की घरात कुणाशी बोलत नाही. 'जीटीए सिक्स' या गेमची तारीख २०२५ वरून २६ मे २०२६ आणि तिथून १९ नोव्हेंबर २०२६ अशी सरकली, तेव्हापासून हा प्रश्न घेऊन माझ्याकडे येणारे पालक वाढले आहेत. त्यांच्याशी बोलताना मला २०१८ मधली एक केस हमखास आठवते, म्हणून ती इथे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आई व मुलगा दोघांचीही लिहायला संमती आहे.

तेव्हा वाट बघणं चाललं होतं 'रेड डेड रिडेम्प्शन टू'ची. रॉकस्टार गेम्सचा हा गेम अमेरिकेतल्या घोडेस्वार, बंदुका आणि लुटारू टोळ्यांच्या काळातला. तो 'ओपन वर्ल्ड' प्रकारचा, म्हणजे खेळणाऱ्यासमोर एक अख्खा प्रदेश मोकळा असतो. कथा पुढे न्यायची की नुसतं घोड्यावरून हिंडायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. या मालिकेतला आधीचा गेम २०१० मध्ये आला होता, त्याची कथा १९११ मधली. नव्या गेमची कथा १८९९ मधली, म्हणजे जुन्या कथेच्याही आधीची. घोषणा ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. तेव्हा २०१७ चा शरद ऋतू सांगितला होता, मे २०१७ मध्ये तो २०१८ च्या वसंतावर गेला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवी तारीख आली, २६ ऑक्टोबर २०१८.

या शेवटच्या घोषणेनंतर ती आई माझ्याकडे आली. मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. घोषणेच्या रात्री तो जेवला नाही, दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेला नाही, आणि काय झालं विचारलं तर "तुला नाही कळायचं" एवढंच म्हणाला. त्याच्या खोलीत भिंतीवर एक लाल चित्र चिकटवलेलं होतं. मागे सूर्याचा मोठा गोळा आणि त्याच्यासमोरून चालत येणाऱ्या सात माणसांच्या काळ्या आकृत्या, चेहरे नाहीतच. "मॅडम, हे कुठल्या पंथाबिंथाचं तर नाही ना?" त्या अगदी काकुळतीला येऊन विचारत होत्या. मग स्वतःच म्हणाल्या, "गेमच्या आहारी गेलाय तो. दुसरं काय असणार?"

मी त्यांना लगेच कुठला उपाय सांगितला नाही. पंधरा दिवस एक वही ठेवायला सांगितली. तो झोपतो कधी, उठतो कधी, जेवायला सगळ्यांबरोबर बसतो का, आणि प्रत्यक्ष गेम किती वेळ खेळतो, एवढंच लिहायचं. टोकायचं नाही, फोन काढून घ्यायचा नाही. त्यांनी मन लावून नोंदी केल्या आणि वही घेऊन आल्या तेव्हा त्या स्वतःच गोंधळल्या होत्या. मुलगा गेम जवळजवळ खेळतच नव्हता. बरेच दिवस तर अजिबात नाही. झोप मात्र पहाटे दोन-तीनच्या आत लागत नव्हती. रात्रभर तो वाचत होता आणि लिहीत होता.

पुढच्या वेळी तो आला. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाला, "आईने पाठवलंय म्हणून आलोय." मी अभ्यासाचं काही विचारलं नाही, झोपेचंही नाही. विचारलं, "त्या चित्रातले सात जण कोण आहेत?"

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. मग तो बोलत सुटला. हे चित्र गेमच्या अधिकृत घोषणेच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध झालं होतं. तेव्हापासून जगभरचे खेळाडू त्या सात आकृत्यांवर वाद घालत होते. आधीच्या गेमचा नायक जॉन मार्स्टन यांत आहे का? टोपीच्या कडेवरून, चालण्याच्या ढबीवरून, बंदूक कुठल्या हातात आहे त्यावरून अंदाज चालले होते. त्याने फोनवर मला एक मोठा तक्ता दाखवला. डावीकडे ट्रेलरमधली थांबवून घेतलेली दृश्यं, उजवीकडे २०१० च्या गेमचा नकाशा. अमुक दृश्यातला डोंगर नकाशावरचा कुठला, सावल्या कुठल्या बाजूला पडतात, त्यावरून उत्तर दिशा कुठली, नदी कुणीकडे वाहत असेल. जिथे खात्री नव्हती तिथे त्याने प्रश्नचिन्ह टाकलं होतं. जिथे दुसऱ्या कुणी त्याची चूक दाखवली होती तिथे दुरुस्ती करून, ज्याने ती दाखवली त्याचं टोपणनावही लिहिलं होतं. त्या मंडळींत त्याला मान होता. नवी बातमी आली की लोक आधी त्याला विचारत, "तुला काय वाटतं?"

मला तो तक्ता मनापासून आवडला आणि मी तसं त्याला सांगितलं. इतकं बारीक निरीक्षण, पुराव्याशी इतकं प्रामाणिक राहणं ही साधी गोष्ट नाही. आपला मुलगा हे करू शकतो, याची घरात कुणाला कल्पनाही नव्हती.

मग मी विचारलं, "हा गेम सोडला तर पुढच्या वर्षभरात आणखी कशाची वाट बघतोयस?"

तो बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "कशाची नाही."

माझ्या दृष्टीने केस इथे उघडली. त्याचे दोन विषय राहिले होते आणि घरी एकच सांगितला होता. शाळेतले मित्र वेगवेगळ्या वाटांनी गेले होते आणि कॉलेजात नवे जमले नव्हते. निकाल, फी, राहिलेले विषय, पुढे येणारी प्रत्येक तारीख पोटात गोळा आणणारी. चांगली तारीख एकच, गेमची. ती पुढे गेल्यावर बाकीच्या खेळाडूंचा एक गेम लांबला. याच्यापुढे मात्र आठ महिने रिकामे पसरले. त्याला स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हे मी त्याच भेटीत सरळ विचारून घेतलं. अशा वेळी आडवळणाने विचारू नये. तसे विचार नव्हते. मन उदास होतं, पण आशा पार संपलेली नव्हती.

वाट बघणं हा आजार नाही, हे पालकांना मी ठासून सांगते. आपल्या मेंदूची घडणच तशी आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बक्षीस म्हणून फळांचा रस मिळण्याआधी खूण दिसते हे माकडाच्या लक्षात आलं की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी रस मिळताना नव्हे, खूण दिसतानाच जाग्या होतात. २००३ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रस मिळेल की नाही हे अगदी निम्मं-निम्मं अनिश्चित असेल, तेव्हा मधल्या वाट बघण्याच्या वेळात या पेशींची हालचाल सर्वांत जास्त चढते. आता ट्रेलर, 'लीक' म्हणजे आधीच फुटलेली माहिती, कुणाच्या तरी नावावर खपवलेली अफवा, उद्या काहीतरी येणार असल्याची कुजबुज, हे सगळं त्यापुढे ठेवून बघा. खरं की खोटं ते ठरत नाही, म्हणून तर फोन खाली ठेवावासा वाटत नाही. मुलाला हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे खोट्या लीकने जास्त जागायला होतं." स्वतःच्या जागरणाचं कारण त्यानेच शोधलं, मग पुढचं सोपं गेलं.

गेमशी नातं तोडायचं नाही, हे आम्ही पहिल्यांदा ठरवलं. तोडायचं ते रात्रीशी. कंपनी जे अधिकृत जाहीर करेल ते सकाळी उठल्यावरही तिथेच असणार. अफवा सकाळपर्यंत बहुतेक खोट्या ठरलेल्या असणार. म्हणून बातम्या बघायच्या त्या संध्याकाळी, एकदाच. रात्री फोन खोलीबाहेर. पहिले काही दिवस त्याला हे फार जड गेलं. एकदा तो चिडून म्हणाला की मी आईच्याच बाजूची आहे. पण झोप सुधारली तशी चिडचिड उतरली. दुसरं काम कठीण होतं, कॅलेंडरवर आणखी तारखा आणायचं. लपवलेला दुसरा विषय त्याने माझ्यासमोर आईला सांगितला. आई रडल्या आणि रागावल्याही. त्या दिवशी मी फारसं काही बोलले नाही, तशी गरजच नव्हती. एका विषयाची फेरपरीक्षा गेमच्या आधी होती, तिची तारीख त्याने स्वतःच्या हाताने कॅलेंडरवर घातली. आणि नकाशे वाचायची त्याची आवड बघून एका प्राध्यापकांनी त्याला सर्वेक्षणाच्या प्रकल्पात घेतलं. हे माझं श्रेय नाही. तो त्यांच्याकडे आपणहून गेला होता.

आईंनाही मी एक काम दिलं होतं. मे २०१८ मध्ये गेमचा तिसरा ट्रेलर आला, तो मुलासोबत बसून बघायचा आणि एक तरी खरा प्रश्न विचारायचा. "हे कधी बंद होणार?" हा प्रश्न चालणार नाही, असंही सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "ही माणसं एवढी दमलेली का दिसतात?" यावर मुलाने त्यांना टोळीची गोष्ट सांगितली. डच व्हॅन डर लिंड हा म्होरक्या, आर्थर मॉर्गन हा त्याचा उजवा हात, कायद्याचं राज्य सगळीकडे पोचू लागलेलं आणि लुटारूंना लपायला जागा उरलेली नाही. आई मला म्हणाल्या, "मला वाटलं होतं नुसतं ठो-ठो असेल. हा तर त्या माणसाबद्दल हळवा होऊन बोलत होता."

जूनमध्ये त्या पुन्हा घाबरून आल्या. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' घातल्याची बातमी त्यांनी वाचली होती. ते वर्गीकरण मे २०१९ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी बघतात. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळच पुढे येत जातो, आणि नुकसान होत असूनही खेळणं चालू राहतं किंवा वाढतं. हे सगळं इतकं तीव्र हवं की घर, शिक्षण, नाती यांचं ठळक नुकसान व्हावं, आणि साधारणपणे निदान बारा महिने तसं चाललेलं हवं. मी आईंना त्यांचीच वही उघडायला लावली. त्यांच्या मुलाला हे नाव लागू होत नव्हतं. त्याचा प्रश्न उदासीचा आणि एकटेपणाचा होता, आणि गेमची वाट बघणारी ती मंडळी त्याला त्यात आधार देत होती. तो आधार आधीच काढून घेतला असता, तर त्याच्या हातात काय उरलं असतं?

त्या मंडळींत सगळंच चांगलं होतं असं मात्र नाही. तारीख पुढे गेल्यावर गेम बनवणाऱ्यांना शिवीगाळ झाली होती आणि यानेही केली होती. ऑक्टोबरमध्ये गेम यायच्या तोंडावर, तो बनवणारी माणसं किती तास राबतात यावर जगभर चर्चा पेटली. ती वाचून त्याने आपले जुने संदेश शोधून काढून टाकले. मी त्याला तसं सुचवलं नव्हतं.

गेम आला तो शुक्रवार होता. शनिवार-रविवार मनसोक्त खेळायचं, सोमवारी कॉलेज, हे आधीच ठरलं होतं. याहून महत्त्वाचं म्हणजे, नंतर ओकंबोकं वाटेल हेही मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं की वाट बघणं संपतं, आणि ती जागा गेम स्वतः भरून काढत नाही. झालंही तसंच. तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, गेम छान आहे, पण त्या मंडळींतली मजा गेली. सगळे आपापलं खेळतायत, शेवट कळू नये म्हणून एकमेकांशी बोलतही नाहीत. त्याला वाईट वाटत होतं, पण तो झोपत होता आणि जेवत होता. फेरपरीक्षेतला विषय सुटला होता. दुसरा अजून राहिला होता.

काही मुलांच्या बाबतीत थांबून बघत बसायला वेळ नसतो. तारीख पुढे गेल्याची निराशा दोन-चार दिवसांत न ओसरता आठवडे रेंगाळली, झोप आणि भूक दोन्ही गेली, मुलगा घराबाहेर पडेनासा झाला, किंवा जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी बोलला, तर गेमचा विचार बाजूला ठेवून लगेच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. बाकीच्यांनी माझ्याकडे येण्याआधी पंधरा दिवस झोपेची आणि जेवणाची वही ठेवावी. आणि कृपा करून मुलाचा फोन जप्त करून त्याला माझ्यासमोर आणून बसवू नका. पहिल्या भेटीत तो मला ज्याबद्दल आपणहून सांगेल, ते बहुतेक त्या फोनमध्येच असतं.