आधी पिशवी विचार

सप्रेम आशीर्वाद.

लोक भाजी आणायला कसे जातात, या पाहणीसाठी तू केलेली प्रश्नावली वाचली. 'भाजी आणायला कशाने जाता?' हा पहिलाच प्रश्न खटकला. अगं, माणसं जातात एकाने आणि येतात दुसऱ्याने! पुण्यात महात्मा फुले मंडईच्या दाराशी तासभर उभी राहून बघ. नारायण पेठेतून रमतगमत चालत आलेल्या आजी परतताना रिक्षाला हात करतात. पिशवीत तळाला दोन किलो कांदे, त्यावर टोमॅटो आणि चेंगरू नये म्हणून सगळ्यात वर कोथिंबिरीची जुडी. आजींची खूण तुझ्या फॉर्मवर कुठे करशील, 'पायी' की 'रिक्षा'?

तेव्हा आधी पिशवी विचार. किती किलो, किती दिवसांची, घरी फ्रिज केवढा, चौथा मजला असेल तर लिफ्ट चालू असते का. अंतराचं नंतर बघू. पावशेर भेंडी नि दोन लिंबं हवी असली की कोपऱ्यावरचा गाडीवाला पुरतो, आठवड्याचं भरायचं तर मंडई.

'घरात दुचाकी आहे का?' एवढं पुरणार नाही. सकाळी अकराला ती कुणाच्या ताब्यात असते? दारात स्कूटर असलेल्या कितीतरी घरांतली बाई भाजीला चालतच जाते, कारण स्कूटर ऑफिसला गेलेली असते.

अशा पाहण्या नव्याने करायला लागले तेव्हा मीही फसले होते. संध्याकाळी दादरला उतरून, मेथीची जुडी घेऊन पुढची लोकल पकडणाऱ्या बायका मी 'कामावरून घरी' या रकान्यात टाकल्या. भाजीच्या रकान्यात त्यांच्यातली एकही नाही! २०११च्या जनगणनेतही कामावर कशाने जाता हे विचारलं होतं, बाजाराला कशाने जाता हे नाही. ही फेरी मोजणाऱ्यांच्या नजरेतून सुटतेच.

हातगाडी दारात येते किंवा ॲपवर मागवतात, अशांनाही गाळू नकोस. त्यांची वाचलेली फेरीसुद्धा नोंदच आहे. आणि मेट्रोचं मंडई स्टेशन सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झालंय. तिथे भरल्या पिशव्या घेऊन खाली किती जण उतरतात, ते मोज.

रविवारी साडेसातला मंडईत भेटू. माझीही भाजी संपलीय. येताना तो लटकवायचा वजनकाटा आण, लोकांच्या अंदाजावर माझा विश्वास नाही.

तुझी,
मावशी